ओल

पान दुमडायचं आणि कानाशी न्यायचं.
कुरकुरलं तर कोरडं, आणखी दोन रात्री दवात.
गप्प राहिलं तर ओलं, ढिगात घातलं की कुजणार.
मधला एक आवाज असतो,
तो कुणाला शिकवता येत नाही.
निपाणीच्या वखारीत एकवीस वर्षं
मी त्या आवाजाचा पगार खातोय.

आणि आता हे पुस्तक.
निळ्या पुठ्ठ्याचं, इंग्रजी.
इरगोंडाला बेंगळूरच्या सिग्नलवर दोन पोरांनी दिलं,
पांढरे शर्ट, छातीवर काळी पट्टी, घाम पुसत.
तीन महिने ट्रकच्या काचेखाली तापत पडलं,
मग म्हणाला, तूच घे बाबा, तू वाचतोस की.

मॉर्मन म्हणतात त्यांना.
रोज रात्री दोन पानं, मुलीची जुनी डिक्शनरी शेजारी.
समुद्र ओलांडून गेलेली माणसं,
टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे,
आणि चौदा वर्षांचं एक शेतकऱ्याचं पोर,
कोण खरं हेच कळेना म्हणून
झाडीत जाऊन गुडघ्यावर बसलेलं.
त्या पोरापाशी मी बरेच दिवस अडकलो.

चहा नको म्हणतात. कॉफी नको.
तंबाखू नको.
हे वाचलं तेव्हा माझ्या बोटांना तंबाखूचाच वास होता,
पानाच्या कोपऱ्यावर पिवळा ठसा उमटला.
मी एकटाच हसलो.

सगळ्यात अवघड ते शेवटी लिहिलंय.
वाचून झालं की त्यालाच विचार, खरं आहे का.
छातीत ऊब येईल, म्हणे.

आमच्यात मागत नाहीत.
बस्तीत हात जोडतो तो नमस्कार असतो, अर्ज नव्हे.
जे सुटले ते सुटले, ते कुणाला काय देणार?
ज्याचं कर्म त्यानं झिजवायचं.
वडील हे तराजू पुसताना सांगायचे,
एक काटा स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहायचे.

तरी बसलो एकदा.
दार लावून, पद्मलच्या शिलाई मशीनजवळ.
फरशी गार. डावा गुडघा बोलायला लागला.
आणि भाषा?
अर्ज कन्नडमध्ये भरतो, भांडतो मराठीत,
पुस्तक इंग्रजी, देव तर अजून अनोळखी.
त्याला अहो म्हणायचं की अरे,
इथंच पाच मिनिटं गेली.

विचारायचं होतं, पुस्तक खरं आहे का.
तोंडातून आलं, पद्मल कुठाय?

कारण तिथं लिहिलेलं नाही, पण त्या पोरांनी
इरगोंडाला सांगितलं होतं,
नवराबायको मेल्यावरही बांधलेली राहतात.
आमच्यात जीव एकटा येतो, एकटाच जातो.
नऊ वर्षं मी तेच धरून बसलोय,
आणि ते खोटं आहे असंही म्हणवत नाही.

मग शांत.
मशीनच्या चाकावर रस्त्यावरचा दिवा.
लांब पुलाखालून ट्रक गेला, हायवेकडं.
छातीत ऊब आली, खोटं कशाला सांगू.
पण त्या दिवशी चहा सोडून चौथा दिवस होता,
डोकं ठणकत होतं, पित्त वर आलेलं.
कुठली ऊब कुठली, कसं ओळखायचं?
पान असतं तर कानाशी नेलं असतं.

मुलीला फोनवर सांगितलं नाही.
सकाळी पोऱ्या चहा घेऊन आला,
नको म्हणालो, आणि कप बघत राहिलो,
तो गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत.

इरगोंडा संकेश्वरहून माल घेऊन आला,
गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडला,
"काय रं, खरं हाय काय ते पुस्तक?"

मी हातातलं पान दुमडलं.
म्हटलं, अजून दवात ठेवलंय.